एकाच अंगाचे चार आकडे

पत्र: सर, नमस्कार. मी ३९ वर्षांची. बेळगावात अनगोळला राहते, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ६४ किलो. दिवाळीनंतर एका जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी मशीनवर उभं करून ३६.२ टक्के चरबी असल्याचा छापील कागद हातात दिला आणि दोन महिन्यांत दहा टक्के खाली आणायचं पॅकेज सांगितलं. निम्मे पैसे भरलेत. घरी ऑनलाइन मागवलेला वजनकाटा सकाळी ३३.८ दाखवतो, संध्याकाळी ३१.५. जिममधल्याच दुसऱ्या ट्रेनरनं टी-शर्टाच्या बाहीवरून दंडाला चरबी मोजायचा चिमटा लावला आणि २८ सांगितलं. मोबाइलवर मापं भरली (कंबर ८४, नितंब १०२, मान ३३) तर ३७.६ आलं. यातला खरा आकडा कुठला? डेक्सा नावाची तपासणी सर्वांत अचूक म्हणतात, त्यासाठी पुण्याला जाऊ का? रात्रीचं जेवण मी बंद केलंय, जिऱ्याचं पाणी आणि एक सफरचंद घेते. हल्ली तिसऱ्या तासाला फळ्यापुढं उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. मिस्टरांचं बरं आहे, ते पहिल्यापासून काटकुळे. वय ४३, उंची १७०, वजन माझ्याएवढंच ६४. पोट तेवढं सुटलंय, लग्नातल्या पँटी बसत नाहीत. उद्यमबागेत एका फाउंड्रीत अकाउंट बघतात, दिवसभर खुर्चीत. काट्यावर त्यांचा आकडा १९ येतो, त्यावरून मला चिडवतात. सासऱ्यांना शुगर होती, पण ते चांगले जाडजूड होते.
एक शिक्षिका, अनगोळ

ताई, नमस्कार.

आकड्यांचं बोलू, पण आधी आज रात्री जेवा. एक भाकरी, वाटीभर आमटी नाहीतर मुगाची उसळ, जोडीला दही. पहाटे उठून घरचं आवरायचं, बस धरून तालुक्याच्या शाळेत जायचं, दिवसभर मुलांपुढं उभं राहायचं आणि आदल्या दुपारपासून पोटात एक सफरचंद. अंधारी येईल नाहीतर काय होईल? जेवायला लागूनही चार-आठ दिवसांत ती थांबली नाही, तर हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या. ते चरबीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा आधी.

आता तुमचा प्रश्न. खरा आकडा कुठला, याचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, जी जिममध्ये कुणी सांगत नाही. जिवंत माणसाच्या अंगातली चरबी सरळ काढून तोलता येत नाही. तशी ती फक्त मृतदेहाचं विच्छेदन करूनच मोजता येते. म्हणजे तुमच्या चारही ठिकाणी चरबी कुणीच मोजलेली नाही. कुणी विजेला होणारा अडथळा मोजला, कुणी कातडीची घडी मोजली, कुणी कंबर मोजली, आणि त्यावरून गणित करून चरबीचा अंदाज बांधला. म्हणून आकडा ऐकला की पहिलं विचारायचं, तुम्ही मोजलंत काय?

हे गणित आलं कुठून ते सांगतो. मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवलं. आमच्या लहानपणी पोहायला शिकवायचे ते विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. तेव्हा एक गोष्ट सगळ्या पोरांना ठाऊक असायची. गुबगुबीत पोरगा डबा सोडून, छातीतला श्वास सोडूनसुद्धा वर तरंगायचा. तालमीत जाणारा, अंगानं घट्ट पोरगा श्वास सोडला की दगडासारखा खाली. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू आणि हाडं जड, एवढीच ती गोष्ट. एक घन सेंटीमीटर चरबीचं वजन साधारण ०.९ ग्रॅम भरतं आणि चरबी सोडून उरलेल्या अंगाचं १.१ ग्रॅम. माणसाला पाण्याबाहेर तोलायचं, मग पूर्ण बुडवून पाण्यात तोलायचं, दोन्हींवरून शरीराची घनता काढायची आणि घनतेवरून चरबीचा हिस्सा. १९४२ साली अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेहन्के यांनी तिकडच्या धंदेवाईक फुटबॉल खेळाडूंना असं पाण्याखाली तोललं. उंची-वजनाच्या कोष्टकाप्रमाणे त्यांतले बरेच जण लठ्ठ ठरत होते, लष्कराच्या सेवेला अपात्र. पाण्यानं दाखवलं की ते वजन स्नायूंचं आहे. आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीला जाणारी पोरं आणि आखाड्यातले पैलवान ज्यांनी जवळून बघितलेत, त्यांना याचं नवल वाटायचं नाही.

पुढं विल्यम सिरी यांचं सूत्र आलं, १९६१ चं. ४९५ ला घनतेनं भागा आणि ४५० वजा करा, की चरबीचा टक्का. तुम्ही गणित शिकवता, करूनच बघा. घनता १.०२ आली तर चरबी ३५.३ टक्के, १.०३ आली तर ३०.६. शंभराव्या भागाच्या फरकाला जवळजवळ पाच टक्के! आणि श्वास कितीही सोडला तरी फुप्फुसांत लिटरभर हवा उरतेच. ती नीट मोजून वजा केली नाही तर सगळं गणित कोसळतं. हाडं विरळ झालेल्या बाईचं उरलेलं अंग १.१ भरत नाही, मग ती आहे त्याहून चरबीवान ठरते. ही त्या काळातली सर्वांत चांगली पद्धत, बरं का. गेल्या कित्येक दशकांत चिमट्याची आणि टेपेची जी सूत्रं निघाली, त्यांतली बहुतेक याच पाण्याच्या मापाशी जुळवून काढलेली आहेत. मुळातच थोडी चूक, आणि तिच्यावर पुढची.

तुमच्या घरचा काटा मात्र पाण्याचा नाही, विजेचा. जिमची मशीनही तीच जात. काट्यावर अनवाणी उभं राहिलं की एका तळपायातून अगदी बारीक वीज शिरते, पायातून वर चढते, ओटीपोटाशी वळते आणि दुसऱ्या पायातून बाहेर पडते. जाणवतही नाही इतकी कमी. स्नायूंत पाणी आणि क्षार असतात, त्यांतून ती सहज जाते. चरबीत पाणी नाहीसारखं, तिथं अडते. काट्याला कळतो तो एवढा अडथळाच. त्यावरून तो अंगातलं पाणी ठरवतो, चरबी सोडून उरलेल्या अंगात ७३ टक्के पाणी असतं असं धरून चालतो, आणि उरलेली ती चरबी म्हणतो. वर तुमची उंची, वय, बाई की पुरुष हे सगळं सूत्रात घालतो. एक प्रयोग करा. काट्याच्या ॲपमध्ये तुमच्याच नावाचं दुसरं खातं उघडून वय ३९ च्या जागी २५ घाला आणि पाच मिनिटांनी परत उभ्या राहा. अंग तेच, आकडा बहुधा वेगळा येईल. त्या आकड्यात किती भाग तुमचा आणि किती सूत्राचा, ते तिथंच दिसेल.

मग सकाळी ३३.८ आणि संध्याकाळी ३१.५ का? दिवसभर तुम्ही फळ्यापुढं उभ्या. संध्याकाळपर्यंत अंगातलं पाणी पायांकडं उतरतं, पैंजणाचा वळ उठतो ना घोट्याला, तेच पाणी. काट्याची वीज जाते ती पायांतूनच. तिला वाट सोपी झाली, म्हणून काट्याला वाटलं चरबी कमी झाली. जिममध्ये घाम गाळून, अंग गरम असताना लगेच उभं राहिलं तरी आकडा बऱ्याचदा खाली येतो, कारण कातडीकडं रक्त वाढलेलं असतं. तांब्याभर पाणी पिऊन लगेच उभ्या राहिलात तर उलट, वजन वाढलं पण अडथळा तोच, मग तेवढी चरबीच वाढली असं काटा धरतो. पाळीच्या आधी चार दिवस अंगात पाणी साठतं तेव्हाही आकडे हलतात.

टाचांचंही सांगतो. माझी धाकटी बहीण शेतात राबणारी, टाचा भेगाळलेल्या, तळवे खरखरीत. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडं आली तेव्हा सहज काट्यावर उभी राहिली. पहिल्यांदा काट्यानं आकडाच दिला नाही, नुसत्या रेघा. दुसऱ्यांदा ४१. मग तिला म्हटलं, मोरीवर जा, पाय धुऊन ये. टॉवेलानं टिपून, तळवे जरासे ओलसर असताना उभी राहिली तर ३९.४. दोन मिनिटांत दीड टक्का गेला! ती बिचारी खूश झाली. गेली ती चरबी नव्हती हे तिला समजावताना मला वाईट वाटलं.

जिमची मशीन घरच्या काट्याहून बरी असते, हे मान्य करायला हवं. तिला हातांतही मुठी धरायच्या असतात, त्यामुळं दोन हात, दोन पाय आणि धड यांतून वीज वेगवेगळी फिरवून बघता येते. पण शेवटी तीही अडथळाच मोजते. कागदावर डाव्या हातात इतके ग्रॅम, उजव्या पायात इतके ग्रॅम असं दशांशात छापलेलं असतं, ते बघून दडपून जाऊ नका. पोटातल्या चरबीची लेव्हल म्हणून जो आकडा असतो, तोही हिशोबानं काढलेला. मशीननं तुमच्या पोटात डोकावून बघितलेलं नाही. (घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनी या काट्यांवर आणि मशीनवर उभं राहू नये. हे नक्की सांगून ठेवा.)

चिमट्याचा २८ हा आकडा तर मी सरळ बाजूला ठेवतो. त्याचं कारण चिमटा नव्हे. चिमटा चांगल्या हातात पडला तर मला तो फार आवडतो, कित्येक वर्षं मी पोरांची मापं त्यानंच घेतली. पण त्याला शिस्त लागते. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाच्या मागं पेनानं खूण करायची. खुणेच्या सेंटीमीटरभर वर डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं कातडी खालच्या चरबीसकट उचलायची, स्नायू सोडून. मग खुणेवर चिमटा लावायचा, दोन मोजायचे आणि वाचायचं. चिमट्याचा काटा आधी २४ मिलिमीटरवर असतो, दोन म्हणेपर्यंत २१ वर येतो. गप्पा मारत धरून ठेवला तर १९. चरबी दाबली जाते ना! म्हणून प्रत्येक वेळी तितकंच थांबायचं. चांगल्या चिमट्याचा दाब ठरलेला असतो, दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या चिमट्यात तो बोटाच्या जोरावर.

शिवाय एका जागेवरून टक्का काढण्यात अर्थ नाही. डर्निन आणि वोमर्सली यांची १९७४ सालची कोष्टकं अजून वापरतात. ती दंडाच्या पुढं, दंडाच्या मागं, पाठीच्या फऱ्याखाली आणि कमरेच्या हाडावर अशा चार जागांच्या बेरजेवर आहेत, आणि ती बेतली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या ४८१ माणसांवरून. तुमची एकच जागा मोजली, तीही कापडावरून. परक्या पुरुषानं उघड्या अंगाला चिमटा लावायचा म्हणजे बाईमाणसाला अवघडतंच, त्यात तुमची काही चूक नाही. पुन्हा कधी करायची वेळ आली तर बाई ट्रेनर मागा, आणि एकच बाई दर वेळी. मी तर म्हणतो टक्का काढूच नये. चार जागांचे मिलिमीटर मिळवून वहीत लिहावेत. तीन महिन्यांपूर्वी बेरीज ९६ होती, आता ८८ आहे, यात ग्लासगोचा कुणी मध्ये येत नाही.

राहिला मोबाइलवरचा ३७.६. ते सूत्र अमेरिकी नौदलाचं, हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये मांडलेलं. बायकांसाठी कंबर आणि नितंब मिळवून मान वजा करतात, सोबत उंची. तुम्ही दिलेल्या मापांवरून मीही हातानं करून पाहिलं, ३७.६ च येतंय.

आता सगळे समोर मांडा. ३७.६, ३६.२, ३३.८. चिमटा असो, टेप असो, यांची नेहमीची चूक साधारण तीन ते चार टक्के इकडं-तिकडं धरतात. तीसुद्धा शंभरातल्या सत्तरेक जणांपुरती, बाकीच्यांची त्याहून जास्त. विजेच्या काट्यांचं तर त्याहून सैल. म्हणजे तुम्हाला जी भांडणारी उत्तरं वाटतात, ती एकच उत्तर देतायत, ताई. तिशीच्या मध्यावर कुठंतरी, थोडं वरच. याच्यापलीकडं अचूक आकडा तुम्हाला लागतो कशाला?

डेक्साचंही याच अंगानं बघा. त्यात दोन वेगवेगळ्या शक्तींचे एक्स-रे अंगातून पाठवतात. हाड, चरबी आणि बाकीचं मांस ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून हिशोब लागतो. पाच-दहा मिनिटं आडवं पडून राहायचं, किरणोत्सर्ग छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी. चरबी अंगात कुठं आहे तेही कळतं, हा त्याचा मोठा गुण. तरी तिथंही अंदाज सुटत नाही. जिथं मध्ये हाड येतं तिथली चरबी शेजारच्या भागावरून धरावी लागते, आणि एका कंपनीच्या मशीनवरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनशी जुळत नाही. कित्येक दवाखान्यांत डेक्सा असतं ते हाडांचा ठिसूळपणा बघायला, फक्त कणा आणि खुबा. पूर्ण अंगाची चरबी काढून देतात का, हे आधी फोनवर विचारावं लागतं. संशोधक तर डेक्सा, पाण्याचं माप आणि शरीरातल्या एकूण पाण्याची वेगळी तपासणी हे सगळं एकत्र करतात, तेव्हा त्यांचं समाधान होतं. तुम्ही पुण्याला जाऊन ३७.१ असा कागद घेऊन आलात, तर दुसऱ्या दिवशी वेगळं काय करणार? तेच जेवण, तेच चालणं. ते पैसे रक्ताच्या तपासण्यांना ठेवा, आणि दोघांच्या.

दोघांच्या का, ते सांगतो. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा माझं लक्ष तुमच्या मिस्टरांवर अडकलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघं शेजारी उभे. उंची-वजनाचा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. दोघंही नॉर्मल, दोघंही सडपातळ म्हणावेत असे. डेक्सावर मोजलं तर युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. याज्ञिकांनी आपल्या लोकांच्या या ठेवणीवर आयुष्य घातलं. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं त्यांनी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५. आपल्या बाळांचे हातपाय किरकोळ, पोट लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच. दिसायला बारीक, आतून चरबीचे, असं जन्मापासूनच. अशा अंगात शुगर वजनाची वाट बघत नाही.

तुमच्या मिस्टरांचा बीएमआय काढला, २२.१. कागदावर काही दोष नाही. पण वय ४३, वडिलांना शुगर, दिवसभर खुर्ची, आणि हातपाय काटकुळे असताना पोट तेवढं पुढं. काट्यावरचा १९ तुम्ही दोघांनी विसरा. ती वीज पायांतून वर जाऊन ओटीपोटाशीच वळते, त्यांची चरबी बसलीय तिथपर्यंत तिचा हात नीट पोचतच नाही. सासरे जाडजूड होते म्हणून त्यांना शुगर झाली आणि मुलगा बारीक म्हणून सुटला, असं नसतं. त्यांची उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब या महिन्यातच करून घ्या. तुमचीही सोबत. सरकारी आरोग्य केंद्रातही तिशीपुढच्या लोकांची साखर आणि रक्तदाब तपासतात. घाबरवायला लिहीत नाही. वेळेत कळलं तर चालणं आणि जेवण यांनीच बरंच काही सावरता येतं, आणि माझ्या ओळखीतल्या काही बारीक माणसांना ते वेळेत कळलं नाही, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय.

मग घरी मोजायचं काय? टेप. शिंप्याकडं असते ती. आधी स्टीलच्या पट्टीशी लावून बघा, जुनी टेप ताणून सैल झालेली असते आणि सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर गिळते. कंबर म्हणजे परकराची नाडी बांधतो ती जागा नव्हे. बहुतेक बायका तिथंच मोजतात, कारण तिथं वळ असतो. कुशीवर बोटं ठेवून सर्वांत खालची बरगडी शोधा, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्हींच्या मध्ये टेप आडवी, मागं आरशात बघून, जमिनीला समांतर. श्वास नेहमीसारखा सोडला की वाचायचं. कातडीवर टेकेल इतपतच, रुतवायची नाही. आपल्याकडच्या डॉक्टरांनी धरलेली मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. आणखी सोपं हवं असेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. तुमच्या उंचीला ७७.५, त्यांच्या उंचीला ८५. तुमची ८४ आहे, म्हणजे कमी करायला हवी हे खरंच, आणि तुमचा बीएमआय २६.६ आहे तोही आपल्या लोकांसाठी धरतात त्या २३ च्या वर. पण हा सहा महिन्यांचा, वर्षाचा सावकाश मामला आहे. पहिल्यांदा तीन-चार किलो आणि कमरेचे तीन-चार सेंटीमीटर एवढंच डोळ्यांपुढं ठेवा.

घरचा काटा फेकायचा नाही. पण आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, पाय पुसून. संध्याकाळी त्याच्याकडं बघायचंही नाही. दोन टक्क्यांच्या आतला चढउतार वहीत लिहा आणि विसरा. पाळीच्या आठवड्यातला आकडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडा. आणि जिमचा आकडा, काट्याचा आकडा, मोबाइलचा आकडा एकमेकांशी लावू नका. ज्याचा त्याच्या मागच्या आकड्याशीच.

आता पॅकेज. दोन महिन्यांत दहा टक्के म्हणजे काय, ते फळ्यावर मांडू. ६४ किलोंच्या ३६.२ टक्के म्हणजे २३.२ किलो चरबी, उरलेलं अंग ४०.८ किलो. ते ४०.८ जराही न घटता टक्का २६.२ वर आणायचा तर वजन ५५.३ वर यायला हवं. म्हणजे पावणेनऊ किलो निव्वळ चरबी, दर आठवड्याला किलोभर. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, म्हणजे रोज अकराशे कॅलरीची तूट, साठ दिवस. तुमच्या अंगाच्या बाईला सगळं कामधाम धरून दिवसाला अठराशेच्या आसपास लागतात. उरले सातशे. दोन-तीन भाकऱ्या, थोडी आमटी, की दिवसाचं संपलं. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, केस गळतात, अंधारी तर आलीच आहे तुम्हाला. कुणाला खोटं ठरवायची माझी इच्छा नाही, पण पहिलं माप कोरड्या अंगानं सकाळी आणि शेवटचं माप व्यायामानंतर गरम अंगानं घेतलं, तर तुम्ही काही न करताही दोन-तीन टक्के कागदावर उतरलेले दिसू शकतात, हे तुम्हाला माहीत असावं. उरलेले निम्मे पैसे भरू नका. त्या जिममध्ये साधी महिन्याची फी असेल तर ती भरून जा, कारण वजनं उचलणं तुम्हाला चांगलं आहे. चाळिशीकडं निघालेल्या बाईनं स्नायू आणि हाडं राखायला आठवड्यातून दोनदा तरी थोडी जड वजनं उचलावीत. बाकीचे दिवस व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पाऊण तास भरभर चाला, मिस्टरांना घेऊन. रात्रीचं जेवण आठच्या आत, भात कमी, कडधान्य आणि भाजी जास्त. एखाद्या सणाला थोडा बेळगावी कुंदा खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी उपास नको.

रविवारी सकाळी दोघांची कंबर मोजा आणि मला सेंटीमीटरमध्येच कळवा, सोबत रक्ताचे आकडे. मिस्टरांचं माप तुम्ही स्वतः घ्या, त्यांना घेऊ देऊ नका. पुरुषमाणूस टेप दिसली की पोट आत ओढतो. त्यांना शाळेत बाकावर शेजारी कोण बसायचं, असं काहीतरी विचारा. बोलता बोलता श्वास सुटला की टेप वाचा. पँटीचा पट्टा सोडून, बनियन वर करून. दोनदा घ्या. दोन्हीत सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.